शिवू नये अशी फट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. लोकरीचा, गुडघ्याखाली येणारा. ठाण्याच्या एका शिंप्यानं मला शालोम पेणकरांच्या लग्नासाठी शिवलं. मराठी बोलणारं हे ज्यू कुटुंब पुढे अमेरिकेत ट्रॉयला आलं, त्यांच्याबरोबर मीही आलो. शालोम दर शनिवारी मला घालून सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जायचे.

मग आखूड कोटांची टूम निघाली. मुलगा एलिजा म्हणायचा, "बाबा, बँडवाल्यासारखे दिसता! प्लीज, हा डोनेट करा." शेवटी शालोमनीही आखूड कोट घेतला आणि मी कपाटात गेलो, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. आता सिनेगॉगमधली तरुण पोरं पुन्हा लांब काळे कोट घालतात म्हणे! फॅशनच्या दारी कधी तुपाशी, कधी उपाशी.

गेल्या हिवाळ्यात शालोम गेले. एलिजानं मला शोधून काढलं आणि अंत्यविधीला घातलं. तिथे त्यानं मला डाव्या बाजूला, काळजावर, टरकन फाडलं. मी हादरलोच. पण ही त्यांची रीत. आई-वडील गेले की अंगावरचा कपडा फाडायचा आणि ती फट पुन्हा कधी धड शिवायची नाही. सात दिवस घरी बसून दुखवटा पाळताना एलिजा सारखा ती फट चाचपायचा.

आठव्या दिवशी शेजारच्या रत्नाकाकू डबा घेऊन आल्या. त्या निवृत्त सर्जन. खुर्चीवर मी दिसलो तशा हळहळल्या, "अरेरे, पोराला कोटाचंही भान राहिलं नाही." त्यांनी मला गुपचूप घरी नेलं आणि असं रफू केलं, की फट शोधून सापडू नये. खोटं कशाला बोलू? मी खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परत आणलं. एलिजानं मला अंगात चढवलं आणि त्याचा हात काळजावर गेला. बोटं शोधत राहिली.

"काकू, फट कुठे गेली?"

"मी शिवली रे. एवढा चांगला कोट!"

"काकू, ती बाबांसाठी होती. ती शिवायची नसते."

"अगं बाई, काय करून बसले मी!"

माझी मलाच लाज वाटली. काकूंनी चष्मा चढवला आणि आपलाच टाका न् टाका उसवला. जन्मभर माणसं शिवणारे ते हात आता एकेक धागा ओढून काढत होते. फट उघडली, तसा एलिजा वडील गेल्यापासून पहिल्यांदा रडला. काकूंनी त्याला जवळ घेतलं.

बाबांसाठी रोज प्रार्थनेला जाताना तो मलाच घालतो, असाच फाटका. मित्रांनो, जुने कपडे जपा, कपाटात कुजवू नका. पण कुणाचं काही फाटलेलं दिसलं, तर सुईत दोरा ओवण्याआधी त्याला एकदा विचारा, "हे शिवू का?"