सत्तेचाळीसची पहिली बॅच

कुपीच्या तळाला चिकटलेली ती पांढरी पूड, नखावर मावेल एवढी, फार तर तीन मिलिग्रॅम... कुपी तिरकी केली तरी सरकत नव्हती. तिने टिचकी मारली तेव्हा कुठे जराशी हलली, आणि पुन्हा बसून राहिली. लेबलवर तिच्याच अक्षरात ४७, तिने बनवलेल्या नव्या रसायनाचा नंबर, खाली ‘पहिली बॅच’, खाली तारीख. पांढरीशुभ्र. पण पांढरेपणाचं काय घेऊन बसलात, जस्ताचे क्षारही पांढरेच असतात — हे तिच्या मनात आलं आणि तिने घाईघाईने कुपी रॅकमध्ये ठेवली, कुणी पाहिलं तर पंचाईत व्हावी तशी. प्रयोगशाळेत या वेळी कुणीच नव्हतं. पंख्याचा आवाज होता, आणि वाफा ओढून घेणाऱ्या हूडच्या काचेत दिसणारा तिचा स्वतःचा चेहरा, आंबलेला.

तिने डायरी उघडली. पाचव्यांदा की सहाव्यांदा, आता मोजायचंही तिने सोडलं होतं. पान तेच. ‘जस्ताच्या भुकटीने क्षपण. गाळणे. धातू काढणाऱ्या द्रावणाने तीन वेळा धुणे.’ आणि ‘तीन वेळा’च्या पुढे बरोबरची खूण. निळ्या शाईतली, ठसठशीत. डायरी म्हणते तीनदा धुतलं, म्हणजे धुतलं, यात शंकेला जागा कुठे आहे? जागा एवढीच, की हे पान तिने सकाळी, काम सुरू करण्याआधीच लिहून ठेवलं होतं, खुणांसकट. घाईच्या दिवशी ती असं करते. नवीन आलेल्या मुलींना याच गोष्टीसाठी तिने चारचौघांत झापलं आहे — अगं, झालेलं लिहायचं असतं, होणारं नाही! — आणि स्वतः मात्र पंधरा वर्षं काम केल्याच्या तोऱ्यात आधी लिहून मोकळी होते. पहिल्यांदा धुतलेलं आठवतं. दुसऱ्यांदाही, नळीचं झाकण घट्ट बसलं होतं आणि रुमालाने धरून फिरवावं लागलं होतं. मग दादाचा फोन आला. फोननंतर... फोननंतर ती खिडकीपाशी उभी होती. त्यानंतर एकदम आठवतं ते वाळवलेली पूड कुपीत भरणं. मधलं काहीच नाही. तो अर्धा तास कुणी उचलून नेला होता कोण जाणे.

दादा त्या दिवशी आधी एवढंच म्हणाला होता, “चिमे, रिपोर्ट आलाय. आकडा वर गेलाय बघ.” अकरा वर्षं त्याने एकही गोळी चुकवली नव्हती. बसच्या केबिनमध्ये, पाण्याच्या बाटलीशेजारी त्याची गोळ्यांची डबी असायची आणि रात्री नऊचा गजर झाला की तो स्टॉपवर गाडी उभी करून गोळी घ्यायचा. प्रवाशांना वाटायचं डायबेटिस असेल. आणि तरीही त्याच्या रक्तातला तो विषाणू त्या गोळ्यांना सरावला, निर्लज्जासारखा. डॉक्टरांनी नवीन गोळ्या लिहून दिल्या. पण त्या घेतल्या की पहिले पंधरा-वीस दिवस डोकं गरगरतं, आणि गरगरत्या डोक्याने पन्नास माणसं घेऊन रस्त्यावर जाणार कोण? रजा टाकायची तर डेपोत कारण काय सांगायचं? हे सगळं तो हसत हसत सांगत होता, आणि ती नुसती हं, हं करत होती, हातात नळी धरून. की नळी तेव्हा खाली ठेवली होती?

आणि मग आठवड्याभराने ते घडलं. पलीकडच्या खोलीतली एन्झाइमवाली मैत्रीण धावतच आली. त्याच विषाणूचं जे एन्झाइम असतं, एक प्रकारची कात्री, जिने तो आपली लांबच लांब प्रथिनं कापून नवे विषाणू घडवतो, ती कात्री सत्तेचाळीसने साफ बंद पाडली होती. कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला. सरांनी, जे सहसा कुणाच्या कामाला ‘ठीक आहे’च्या वर जाऊ देत नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि संध्याकाळी घरी जाता जाता, न राहवून तिने दादाला फोन लावला — “मिळालंय रे आम्हाला काहीतरी. होईल बघ तुझं.” होईल! काय होईल, कधी होईल, कोण करील... प्राण्यांवर बघायचं, माणसांवर बघायचं, शंभरातली नव्याण्णव वाटेतच गळतात, उरलेल्या एकाला दहा वर्षं लागतात. हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण तेव्हा तोंडून ‘होईल’ बाहेर पडलं आणि तिकडून दादा हसला, मोकळा, लहानपणी पतंग कापल्यावर हसायचा तसा, आणि मग ते परत कसं घ्यायचं? तेव्हापासून तो सत्तेचाळीसला ‘आमचा भाचा’ म्हणतो. भाचा काय म्हणतो? भाचा जेवतो का नीट? तिला मूल नाही म्हणून हा विनोद फक्त तोच करू शकतो.

काल दुसऱ्या बॅचचा निकाल आला. या वेळी जस्त नाही, हायड्रोजनने केलेली. कात्री मजेत कापत होती, जणू सत्तेचाळीस तिथे नव्हतंच. सर म्हणाले, “दुसरी बॅच बिघडली असेल. स्पेक्ट्रम तर दोन्हींचा सारखाच आहे ना? मग पुन्हा कर.” सारखाच आहे, सर. स्पेक्ट्रममध्ये धातू दिसतच नाही, सर, आणि मागे राहिलेलं जस्त एकटंही कात्री बंद पाडू शकतं. एवढं बोलायला तिची जीभ रेटली नाही. आज चार वाजता बाहेरची माणसं येणार होती, सत्तेचाळीस पुढे न्यायचं की नाही ते ठरवायला, आणि सरांच्या पहिल्याच स्लाइडवर पहिल्या बॅचचा आलेख होता, देखणा, खाली खाली उतरत जाणारा.

तरीही सकाळपर्यंत तिने धीर धरला होता. हा आपल्या कामाचा प्रश्न आहे, फार तर नाचक्की होईल, सर बोलतील, ऐकून घेऊ. मग साडेआठला, ती चपला घालत असताना, वहिनीचा फोन आला. वहिनी कधी तक्रार करत नाही. तिचा आवाजही तसा नव्हता, उलट जरा उत्सुक होता. “अगं, ह्यांनी नव्या गोळ्यांची बाटली अजून फोडलेलीच नाही. जुन्याच घेतायत. म्हणतात, कशाला उगाच रजा टाकायची, थोडे दिवस कळ काढतो, बहिणीचं औषध येतंय. म्हटलं तुलाच विचारावं. कधी येतंय गं?” ती दाराला धरून उभी राहिली. “मी... मी बोलते त्याच्याशी, वहिनी.” पाच आठवडे. पाच आठवडे त्या बाटलीचं सील तसंच आहे, आणि दादाच्या रक्तातला आकडा...

आता एक वाजला होता, सगळे जेवायला गेले होते. उपाय माहीत नव्हता असं नाही, काल रात्रीपासून माहीत होता: पहिल्या बॅचसोबत चिमूटभर असं रसायन टाकायचं की जे धातूला धरून ठेवतं. कात्री जस्ताने अडकली असेल तर ती मोकळी होऊन पुन्हा कापू लागेल. सत्तेचाळीसने अडकली असेल तर अडकलेलीच राहील. तासाभराचं काम. पण पूड संपेल, असं ती स्वतःला सांगत होती — आणि एका चाचणीला त्यातला कणभर पुरेल हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? म्हणजे सबब होती नुसती, तीही लंगडी. टेबलावर फोन थरथरला. दादा. तिने तो कापला आणि ‘मीटिंगमध्ये आहे’ असा मेसेज टाकला. या आठवड्यातली चौथी मीटिंग.

मग ती कुपी घेऊन उठली. का उठली ते तिला सांगता आलं नसतं. पलीकडच्या खोलीत एन्झाइमवाली डबा उघडत होती. तिने कुपी पाहिली, हिचं तोंड पाहिलं, आणि डबा पुन्हा बंद केला. “जस्त?” तिने विचारलं. ही मान हलवून हो म्हणाली. “मग काल का नाही बोललीस, बाई?” ही हातमोजे चढवू लागली. दोघींनी मिळून चाचणीची प्लेट भरली. हात सरावाने चालत होते, थेंब नेमके पडत होते, आणि एवढं धडधडत असताना हात इतके शांत कसे राहतात याचा तिला रागच आला. प्लेट यंत्रात सरकली. चाळीस मिनिटं.

स्टुलावर बसून ती मनाशी म्हणत राहिली, खरं निघू दे, सत्तेचाळीस खरं निघू दे. म्हणजे सरांची स्लाइड खरी, डायरीतली खूण खरी, तिसऱ्यांदा धुतलेलं खरं, आणि दादाला सांगितलेलं... इथे ती अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडली. समजा, निघालं खरं. मग दादाला आज काय सांगणार? की थांब? दहा वर्षं कळ काढ? आणि खोटं निघालं तर? तर गोळ्या सुरू कर. म्हणजे यंत्रातून आकडा काहीही येवो, त्या बंद बाटलीला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, ती आजच फोडायला हवी होती, पाच आठवड्यांपूर्वीच फोडायला हवी होती. जस्ताने तिला फसवलं असेल-नसेल. ‘होईल’ हे तिचं तिने म्हटलं होतं. त्यात ना जस्त होतं, ना सत्तेचाळीस. इतके दिवस ती या पुडीला घाबरत होती आणि पूड बिचारी कुपीत पडून होती.

यंत्राने बारीकसा आवाज केला. “आले गं आकडे,” एन्झाइमवाली म्हणाली आणि पडद्याकडे वाकली. हिने हाताने तिला थांब म्हटलं, पाठ फिरवली, आणि फोन लावला.

“झाली का मीटिंग?” दादाने विचारलं. मागे इंजिनाची घरघर होती.

“गाडी चालवतोयस?”

“उभी आहे. बोल ना.”

“दादा, नव्या गोळ्या आजपासून सुरू कर. आज रात्रीच. रजा टाक.”

“अगं, पण तुझं...”

“माझं औषध तुझ्या वेळेला येणार नाही. चांगलं निघालं तरी नाही. मला तेव्हाच माहीत होतं.”

इंजिन बंद झालं. लांबवर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. मग तो हळूच म्हणाला, “मग तेव्हा तसं का म्हणालीस?”

“घाबरले होते रे,” ती म्हणाली. “तू जाशील म्हणून.”

त्याने फोन ठेवला नाही. मागे एन्झाइमवालीने कागद छापायला दिला होता, त्याची करकर ऐकू येत होती, आणि चारला अजून बराच वेळ होता. तो आता चिडेल, की रडेल, की थट्टेवारी नेईल, तिला काहीच अंदाज नव्हता, आणि त्या प्रत्येकाची तिला धास्ती वाटत होती. पण आज तिला फोन कापावासा वाटत नव्हता. जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं होतं. तिने फोन कानाशी आणखी घट्ट धरला आणि ती वाट पाहत राहिली.