अक्रोडाखालची पेटती नळी

"पेटली! पेटली!"

स्तामेनियाच्या अंगणात सारं गाव लोटलं होतं. अक्रोडाच्या गर्द सावलीत वुकाशिनने ट्यूबलाइटची नळी फांदीकडे उंचावली. ना वायर, ना बटण, तरी नळी दुधासारखी उजळली. बायांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"संत पेत्का आली बरं का!" वुकाशिन गरजला. कालपरवापर्यंत तो विजेची दुरुस्ती करायचा. आता दुखणी दुरुस्त करत होता. "ज्याच्या डोक्यावर पेटली, त्याचा रोग पळाला. गोळ्या फेका, संताच्या नावाने मला कोंबडी आणा!"

गावात हा चमत्कार न पाहिलेली एकटी रादोयका. शाळेतून निवृत्त झाल्यावर या भूगोलाच्या बाईने हौसेने घरात रेडिओ केंद्र मांडलं होतं. परवाना काढला, अर्थिंगसाठी विहिरीजवळ तांब्याची सळई ठोकली, दोरीला दगड बांधून शेजारच्या स्तामेनियाच्या अक्रोडाच्या फांदीवर भिरकावला, आणि आपल्या धुराड्यापासून त्या फांदीपर्यंत तार ताणली. रोज संध्याकाळी ती कळ दाबून, मोर्सच्या सांकेतिक भाषेत टकटक करत, दूरदेशीच्या हौशी मंडळींशी गप्पा मारी. ते सोडून अक्रोडाखाली आली, की नळी विझलेली.

"मास्तरीणबाई, तुम्ही आलात की संत रुसते," वुकाशिन म्हणे. "घरी बसून टकटक करा कशा!"

रादोयका हसण्यावारी नेई. पण आज कुंपणापाशी स्तामेनिया भेटली. चेहरा लालबुंद, श्वास फुललेला.

"अगं, मी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या! माझ्यावर तर लख्ख पेटली."

रादोयकाने अक्रोडाकडे पाहिलं, मग त्यावर ताणलेल्या आपल्या तारेकडे. मी आले की विझते. मी घरी बसले की पेटते. आणि तो मला घरीच बसवतो!

"चल आत," तिने मैत्रिणीचा हात धरला. खिडकीशी बसवून, नियमाप्रमाणे आधी आपली ओळख पाठवून, ती म्हणाली, "आता ही कळ दाब."

स्तामेनियाने दाबली. कुंपणापलीकडे नळी पेटली. सोडली, विझली.

"अगं बाई! संत माझ्या बोटात?"

"बोटात नाही, तारेत. रेडिओ चालू झाला की तारेच्या टोकाशी विजेचा दाब फार चढतो. जवळच्या नळीतला वायू त्याने उजळतो. मग नळी साधूने धरो की चोराने."

स्तामेनियाने ओठ चावला. मग तिच्या डोळ्यांत गावच्या लग्नांतल्या फेरनाचाची पुढारीण जागी झाली. ती ठेक्यात कळ दाबू लागली, गुणगुणू लागली:

"फेर धरा गं, फेर धरा,
वुकाशिनाचा देव खरा?
टाच उचला, ठेका द्या,
कोंबडी आपली परत घ्या!"

बाहेर नळी नाचू लागली. म्हातारा अकॉर्डियनवाला ओरडला, "अरे, हा तर आपला लग्नातला ठेका!" पाय थिरकू लागले.

"संत आनंदात आहे!" वुकाशिन घाम पुसत म्हणाला.

"संत नाही रे मेल्या, मी आहे!" स्तामेनिया खिडकीतून गरजली. "बोल, पेटवू की विझवू?"

"विझव!" कुणीतरी ओरडलं. विझली. "पेटव!" पेटली. हशाचा लोट उठला. एका आजीने वुकाशिनच्या काखेतली आपली कोंबडी ओढून घेतली, आणि तो नळी टाकून कुंपणावरून पसार झाला.

रादोयका अंगणात आली. "चमत्कार दिसला तर डोळे भरून बघा," ती म्हणाली, "पण तोंडही उघडा. कसं झालं, विचारा. केव्हा होतं, केव्हा होत नाही, स्वतः ताडून बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध—"

"भाषण पुरे, रादोयका!" स्तामेनिया केव्हाच रादोयकाच्या ट्रॅक्टरवर चढून बसली होती. "दवाखाना बंद व्हायच्या आत मला पोचव!"