चाकांवर आलेली गाडी

लेनीने दिवा साफ केला नाही म्हणजे नाहीच. तीन उन्हाळे झाले, थेक्ला साबोल त्याच्या मागे लागली होती की बाबा रे, व्हरांड्यातल्या दिव्याचा तो काचेचा वाडगा उतरव, आतले मेलेले किडे झटकून टाक, उजेड कमी आणि किडे जास्त अशी गत झालीय. माझा हात पोचत नाही आणि शिडीवर चढायचं माझं वय राहिलं नाही. आणि तीन उन्हाळे तिचा हा अठ्ठावन्न वर्षांचा एकुलता एक घोडा एकच पालुपद लावून होता, "उद्या करतो, आई."

शुक्रवारी संध्याकाळी तो ओहायोहून आला तेव्हाही तेच. आईला जवळ घ्यायच्या आधी त्याने गाडीवर पांघरूण घातलं. अंगणात नीट चेपून, कडा खोचून, जणू गाडीला सर्दी होईल. थेक्ला व्हरांड्यात हात पसरून उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"आधी तिला निजव," ती म्हणाली. "मी काय, मी जागीच असते."

"नवा रंग आहे, आई. सहा थर दिलेत."

"आणि दिवा?"

"उद्या."

पण शुक्रवारी तिने फार ताणलं नाही, कारण पांघरुणाखालची गाडी वासिलची होती.

वासिल तिचा नवरा. सत्तावन्न सालची ही प्लिमथ त्याने कामावर लागल्यावर घेतली आणि मरेपर्यंत चालवली, बर्फात, मिठात, चर्चला, स्मशानात, बटाट्याची पोती आणायला. पोटापाण्याला तो रेल्वेत होता. कोळशाच्या मालगाड्यांना घाटावर मागून रेटणारं इंजिन त्याच्या हाताखाली असायचं. नाव व्हायचं पुढच्या इंजिनवाल्याचं आणि घाम निघायचा याचा, पण वासिलने कधी तक्रार केली नाही. तक्रारीचं खातं थेक्लाकडे होतं.

दर जुलैत इथे, तिच्या कॉलरेन गावात, अग्निशमन दलाच्या मैदानावर, जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. रंगाला बक्षीस, इंजिनाला बक्षीस आणि सगळ्यांत शेवटी कंदील. हा कंदील वासिलचा, त्याआधी त्याच्या बापाचा, रेल्वेतला. वासिल गेला त्या वर्षी थेक्लानेच तो मेळ्याच्या मंडळाला देऊन टाकला. जो सगळ्यांत लांबून आपली जुनी गाडी हाकत आणेल त्याच्या घरी तो वर्षभर राहायचा. अट एकच, तीही वासिलच्याच तोंडची: गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे. ट्रेलरवर चढवून आणलेल्या गाडीला इथे 'राणी' म्हणतात, आणि तो काही मान नसतो. अंतर ज्याचं त्याने सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पुरावा कुणी मागत नाही. कंदील मात्र मेळ्याआधी थेक्लाकडे परत यायचा आणि तिच्याच हातून पुढे जायचा.

लेनीला हे कधी पटलं नव्हतं. आपल्या घरची वस्तू, ती कुण्या परक्याच्या शेल्फवर का? या वर्षी त्याने फोनवर सांगितलं, "आई, या खेपेला कंदील घरी येतो बघ. बाबांचीच गाडी चालवत आणतो." झालं! त्या दिवसापासून थेक्लाने चर्चमधल्या प्रत्येक बाकाला ही बातमी दिली होती. दुकानात दिली, केस कापताना दिली, आणि जिच्याशी तिचं अकरा वर्षं भांडण होतं त्या स्टेलालाही कुंपणावरून दिली. माझा लेनी येतोय. वासिलच्या गाडीतून. चालवत.

शनिवारी सकाळी ती उठली तर लेनी केव्हाच मैदानावर पोचला होता. मैदान म्हणजे रस्ता ओलांडला की आलंच. ओट्यावर मेपलच्या पाकाची बाटली उघडी होती, झाकण चिकट, खाली मुंग्यांची रांग. न्याहारीला तर तिने अंडी करायचं ठरवलं होतं. "एवढा टोणगा झाला, अजून चमच्याने पाक चाटतो," ती पुटपुटली. मुंग्या पुसल्या, नवा हिरवा स्कार्फ बांधला आणि तरातरा निघाली. व्हरांड्यात वर बघायचं काही कारण नव्हतं.

मैदानावर बटाट्याच्या पुऱ्यांचा तळकट वास सुटला होता. गाड्यांची तोंडं रस्त्याकडे आणि मालक त्यांच्या पाठीमागे घडीच्या खुर्च्यांवर. गाड्या बघायला आलेल्यांनी गाड्या बघायच्या आणि मालकांनी जगाचा गाडा हाकायचा, अशी इथली वाटणी आहे.

"त्या पवनचक्क्या बघा," डोंगराकडे बोट करून स्टश म्हणाला. स्टशने खाणीत हाडं झिजवली होती आणि आता जीभ झिजवत होता. "सकाळपासून एक पातं हललं नाही. माझ्या मेहुण्यासारख्या आहेत. उंच, गोऱ्या आणि बिनकामाच्या."

"हलल्या की तूच म्हणतोस आवाज करतात," यूजीन म्हणाला. यूजीन मंडळाचा अध्यक्ष. त्याने जन्मभर शाळेची बस चालवली, त्यामुळे ओरडल्याशिवाय त्याला बोलता येत नसे.

"करतातच. मेहुणाही करतो."

"अणुवीज बरी. धूर नाही, राख नाही."

"मग ठेव की भट्टी तुझ्या परसात!"

"परसात बायकोच्या कोंबड्या आहेत."

"प्रवासी रेल्वे परत सुरू होतेय म्हणे, फिलाडेल्फियापर्यंत," मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं.

"चाळीस वर्षं सुरू होतेय ती! आणि थांबणार कुठे? स्टेशनात आता केस कापायचं दुकान आहे. उतरलं की थेट खुर्चीत, मागे बारीक, पुढे जरा लांब."

थेक्लाने नाक मुरडलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तिच्या तळघरात अजून कोळशाची भट्टी होती, हिवाळ्यात राख ती स्वतः बाहेर काढून निसरड्या पायरीवर टाकायची. ही सगळी मंडळी मात्र भिंतीतल्या बटणापलीकडे कधी गेली नव्हती. मतं हवी तेवढी! पण आज तिचा दिवस होता. तिने स्कार्फची गाठ सारखी केली आणि पुढे निघाली.

रांगेच्या टोकाला वासिलची प्लिमथ चेरीच्या मुरंब्यासारखी चमकत होती. लेनी फडकं घेऊन पुढे उभा होता आणि गाडीच्या नाकावरच्या जाळीवरून गांधीलमाशा हाकलत होता. जाळीवर, दिव्यांभोवती, काचेच्या खालच्या कडेला किडे चिकटले होते, राखाडी पंखांचे, वाळलेले.

"हे बघ, आई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "महामार्गाची पदकं. मुद्दाम पुसली नाहीत."

"ओंगळ दिसतं," थेक्ला म्हणाली, पण सुखावून म्हणाली. "या माशा का घोंगावतायत एवढ्या?"

"जुलै आहे, आई."

तेवढ्यात एक गाडी आवाज न करता आत शिरली आणि खुर्च्यांवरची सगळी डोकी एकदम वळली. मागे माल टाकायची, एक्कावन्न सालची, फिकट निळी, दारावर गंजाचा नकाशा. चालवणारी बाई पन्नाशीची, नॅडीन क्रेब्स नावाची, टोलेडोला पोरांना वेल्डिंग शिकवणारी. तिने गाडीचं पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिनच नव्हतं. बॅटऱ्या होत्या, शिस्तीत मांडलेल्या, चर्चमधल्या बायकांसारख्या.

थेक्लाला शिसारीच आली. जुन्या गाडीचं काळीज काढायचं आणि तिथे ही खोकी भरायची! तेलाचा वास नाही, धडधड नाही, मेल्या माणसाला पावडर लावून बसवल्यासारखं.

"वायर केवढी लांब आणलीस ग?" स्टशने विचारलं, आणि खुर्च्या हसल्या.

"दोन दिवस लागले," नॅडीन म्हणाली. तिचा एक गाल उन्हाने भाजला होता, केसांत पेंढ्याचं कुसळ अडकलं होतं. "पाच ठिकाणी थांबले. एका ठिकाणी चार्जर बंद, तर एका शेतकऱ्याने गोठ्यातून वीज दिली. झोपले गाडीतच."

"ही जुनी गाडीच नव्हे," लेनी पुढे झाला. त्याचा आवाज आता भाषणाला लागला होता. "पेंढा भरलेलं हरीण आहे हे. भिंतीवर टांगा, रानात सोडू नका. गाडी खरी तर तिच्या पोटात आग पाहिजे. आणि बाई, ती तुमची स्वच्छ वीज येते कुठून? कोळशातूनच ना?"

"असेल," नॅडीन म्हणाली. "मग तुमच्याच कोळशावर आले म्हणा. बटाट्याच्या पुऱ्या कुठे मिळतात?"

थेक्लाला हसू आलं, ते तिने गिळलं.

यूजीनने अंतरं विचारून घेतली. कुणी शेजारच्या गावचा, कुणी न्यू जर्सीचा. नॅडीनचं अंतर सगळ्यांच्या पुढे. मग लेनीने आपलं सांगितलं, ओहायोच्या पार पश्चिमेचं, आणि ते तिच्यापेक्षा वीसेक मैल जास्त निघालं. टाळ्या पडल्या. नॅडीनने खांदे उडवले आणि तोंडात पुरी घातली. स्टेलासुद्धा लांबून बघत होती, हे थेक्लाने नीट बघून घेतलं.

"मिसेस साबोल," यूजीन गरजला, "कंदील आणा!"

कंदील आणायला ती घरी गेली. रस्ता ओलांडताना तिचा ऊर भरून आला होता. पायऱ्या चढली, व्हरांड्यात दम घ्यायला थांबली, आणि सवयीने मान वर केली.

दिवा लख्ख होता.

काचेचा वाडगा रिकामा, आरपार, पुसलेला. एक पंख नाही. थेक्लाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणजे केलं म्हणायचं पोराने! उगाच बोलले मी. न सांगता, पहाटे उठून, शिडी घेऊन... बापावरच गेला शेवटी. वासिलही असाच, बोलायचा नाही, करून ठेवायचा.

ती दारापर्यंत गेली आणि कडीवर हात ठेवून थांबली.

एवढे किडे. तीन उन्हाळ्यांचे. टाकले कुठे त्याने? कचऱ्याचा डबा तर तिने सकाळीच बघितला होता, मुंग्या पुसलेलं फडकं टाकताना. डबा रिकामा होता.

राखाडी पंखांचे, वाळलेले. रात्री दिव्यावर झेपावतात ते. भर उन्हात महामार्गावर ते कशाला मरायला येतील? आणि पाकाची बाटली. आणि त्या गांधीलमाशा.

तिला आधी किड्यांची किळस आली, मग पाकाची, आणि मग आपल्याच डोळ्यांतल्या त्या पाण्याची. तिने ते हाताच्या पाठीने पुसलं, जसं ताटातलं झुरळ उडवावं.

मैदानावर पोचायला तिला वेळ लागला नाही. रागाने तिचे गुडघे दुखायचे थांबतात. हातात कंदील घेऊन ती आली तेव्हा यूजीन बटाट्याच्या पोत्यावर चढून उभा होता आणि लेनीने शर्टाची कॉलर सारखी केली होती. ती लेनीकडे गेलीच नाही. ती गाडीच्या नाकाशी गेली, वाकली आणि दोन बोटांनी एक पतंग उचलला. तो आला, पण बोटांशी तार घेऊन आला, लांब, सोनेरी. थेक्लाने त्याचा वास घेतला.

"काय ग, आई?" लेनी जवळ आला.

"ट्रेलर कुठे ठेवलास?"

"कसला ट्रेलर?"

पण विचारता विचारता त्याचे डोळे भिरभिरले. खालच्या आळीतल्या, शर्टांच्या बंद पडलेल्या कारखान्याकडे गेले आणि चोरासारखे परत आले. थेक्लाने ते बघितलं. स्टशनेही बघितलं, आणि आपली खुर्ची कारखान्याकडे वळवली.

"आई, लोकांत नको," लेनी दात आवळून म्हणाला. "वाटेत खडी उडते. सहा थर आहेत ग रंगाचे. एक दगड लागला असता तर? बाबांची गाडी आहे म्हणून तर जपली. आणि कंदील आपलाच ना शेवटी? मी कुणाचं काय चोरलं?"

"माझ्या दिव्यातले किडे," थेक्ला म्हणाली.

कुणीतरी फसकन हसलं. स्टेला दोन पावलं पुढे आली होती. थेक्लाला ती दिसली. क्षणभर तिच्या मनात आलं, द्यावा कंदील, झाकावी मूठ, घरी गेल्यावर बघू. कुणी विचारणार नव्हतं. इथे कुणी विचारतच नाही. म्हणून तर वासिलची अट इतकी वर्षं टिकली होती.

ती वळली आणि निळ्या गाडीपाशी गेली. त्या गाडीच्या नाकावर मधमाश्या होत्या, नाकतोडे होते, एक पिवळं फुलपाखरू होतं, आणि सगळं असं चेपलं होतं की वेगळं काढायला सुरी लागली असती. नॅडीनने तळकट हात पँटला पुसले.

"तुझी ही गाडी मला मुळीच आवडली नाही," थेक्ला तिला म्हणाली. "पोटात खोकी घालून तू तिचं जे केलंस ते मेल्या मांजराचंही करू नये. माझ्या नवऱ्याने बघितली असती तर तो हसला असता, आणि मग दिवसभर तुला प्रश्न विचारत बसला असता. घे. वात कापत जा. आणि तो केसातला पेंढा काढ."

नॅडीनने दोन्ही हातांनी कंदील घेतला. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणाला कळेना. यूजीनने पोत्यावरून उतरायचा मोका साधला.

मग थेक्ला लेनीकडे वळली. बोटांना चिकटलेला पतंग तिने त्याच्याच फडक्याला पुसला, सावकाश, एकेक बोट.

"सकाळपासून खरी गाडी कुठली आणि खोटी कुठली हे तू मांडतोयस," ती म्हणाली, आणि आवाज उतरवायचा तिने मुळीच प्रयत्न केला नाही. "तुझा बाप आयुष्यात एकदाच दुसऱ्यांच्या खांद्यांवर गेला, लेनी, आणि तेव्हा तो मेलेला होता. त्याची गाडी तू धडधाकट असताना तशी उचलून आणलीस, वर तिच्या तोंडाला माझ्या घरचा केर पाकात घोळून फासलास. तुझी तुला लाज वाटत नसेल तर राहू दे, मला तुझी किळस आली. आता ती ट्रेलरवर चढणार नाही. ती इथे माझ्या अंगणात राहील, बिनपांघरुणाची, आणि रविवारी मला चर्चला न्यायला तू ओहायोहून यायचं, दर रविवारी, जोवर तिच्या नाकावर स्वतःचे किडे जमत नाहीत तोवर. आणि येताना शिडी घेऊन ये. तो दिवा पुन्हा भरेलच."