पूजेतलं हत्यार

शुभांगीनं केसांतला आकडा काढला, दातांनी सरळ केला आणि टाकीखाली हात घातला. आकडा कपलिंगच्या फटीत शिरला, खाच सापडली असं वाटलं, आणि तो वाकला. दुसराही वाकला. बोटांवर पेट्रोल तेवढं आलं.

"मेली!" ती मोटरसायकलला म्हणाली. मोटरसायकलच्या हँडलला झेंडूची माळ होती, टाकीवर कुंकवाचं बोट होतं, चाकांखाली लिंबं होती. शिव्या खातानाही नवरीसारखी नटून उभी होती.

चूक शुभांगीचीच होती. काल टाकी उतरवून तिनं पंपाची जाळी साफ केली, आणि टाकी परत बसवताना पेट्रोलच्या नळीचं ते प्लास्टिकचं कपलिंग नुसतं ढकलून दिलं. ते टक् आवाज करून बसायला हवं. हे तिरकं बसलं आणि तिरकंच अडकलं. आता पुढे जाईना, मागे येईना, आणि सकाळपासून गळत होतं. सोडवायला एक छोटं निळं हत्यार लागतं. नळीवर चढवून आत दाबलं की आतल्या दोन्ही खिट्ट्या एकदम सुटतात. दुसरं काही घालून उचकटलं तर खिट्टी तुटते, आणि मग नवी नळी येईपर्यंत गाडी अंगणातच. ते हत्यार तिनं मुद्दाम मागवून घेतलं होतं आणि ते घरातच होतं. देवघरात, पाटावर, शेवंतीच्या फुलाखाली.

आज खंडेनवमी. तिचे सासरे बाळाचार्य जन्मभर वकिली केलेले. पहाटे त्यांनीच तिला हाक मारली होती. "या घरात आजवर कायद्याची पुस्तकं आणि पेनंच मांडली गं. यंदा खरी हत्यारं आहेत. आण तुझी सगळी." तिला इतकं बरं वाटलं की पाने, पकड, ते निळं, सगळं तिनं धुऊन पुसून आणून दिलं. गळती दिसली ती पूजा झाल्यावर, गाडीला माळ घालताना. आणि एकदा मांडलेलं उद्याच्या उत्तरपूजेपर्यंत उठवायचं नसतं.

तिला आज माहेरी, कलघटगीला पोचायचं होतं. आई गेल्याला वर्ष झालं नव्हतं. तिथं यंदा घट नव्हते, सण नव्हता, वडील, अण्णा, एकटे होते. सकाळी फोनवर ते म्हणाले होते, "तू येतीस म्हणून रात्री भात दोघांचा लावतो." मग थांबून, "नाही जमलं तर नको हं, उद्या ये." त्या दुसऱ्या वाक्यानंतर उद्यावर ढकलणं तिला शक्यच नव्हतं. नवरा, सुधींद्र, कार घेऊन बेळगावात अडकलेला. बसस्टँडवर ती जाऊन आली होती; दारात लोंबकळणारी माणसं बघून परत फिरली.

तिनं किरण मेकॅनिकला फोन लावला. गेल्याच महिन्यात ती त्याला तोऱ्यात म्हणाली होती की आता तुझं काम नाही. अडला हरी, दुसरं काय.

"अक्का, इवत्त टूल मुट्टंगिल्ल," तो हसत कानडीत म्हणाला. आज हत्याराला हात लावायचा नाही. "नाळे बर्तेनि की."

उद्या येतो. ज्याला त्याला उद्याच सुचत होतं. तिला संताप संताप झाला.

ती हात पुसत आत गेली. बाळाचार्य उपाशीपोटी झोपाळ्यावर बसले होते. नैवेद्य होईपर्यंत ते पाणीही घेत नसत.

"मामंजी, ते निळं जरा घेऊ? लगेच परत ठेवते."

"मांडलेलं उठवत नाहीत बाळ." आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत होती. रागावले असते तर भांडता आलं असतं. "उद्या सुधी येतो की. कारनं जा निवांत."

"उद्या दसऱ्याला अण्णांकडे चार माणसं येतील. आज कुणी नाही."

त्यांनी मान हलवली, खरंच वाईट वाटल्यासारखी. "काय करणार? रीत आहे."

स्वयंपाकघरातून सासूबाईंची, हेमावतींची, हाक आली. "शुभा, भोपळा तेवढा चिरून दे गं."

तिनं हात साबणानं दोनदा धुतले, तरी वास गेला नाही. विळी पुढ्यात ओढून ती बसली, फोड उभी धरली आणि तशीच थांबली. विळीच्या पात्यावर हळदकुंकू होतं.

"आत्या, ही पूजेत होती ना?"

"होती की." हेमावती पुरण वाटत होत्या. "आरती झाली की उचलली."

"उचलली?"

"न उचलून कसं? नैवेद्य काय आकाशातून पडतो?"

"मामंजी काही म्हणत नाहीत?"

"त्यांना कुठं ठाऊक! दरवर्षीच उचलते. पाटाकडे बघितलं तर दिसेल." बोलता बोलता हेमावतींचा हात थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, तिच्या काळ्या पडलेल्या नखांकडे पाहिलं. मग उठून विळी घेतली, ओल्या फडक्यानं पुसली आणि झोपाळ्यासमोरून नेऊन पाटावर जिथली तिथं ठेवली. परत आल्या, गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून बसल्या.

बराच वेळ झोपाळ्याची कडी करकरत राहिली.

"अगं, पान कधी वाढतीस?"

"उद्या," हेमावती आतूनच म्हणाल्या. "विळी पूजेत आहे."

झोपाळा थांबला. शुभांगीला हसावं की रडावं कळेना. ती सरळ अंगणात निघून गेली आणि उगीच टाकी पुसत राहिली. पावलं वाजली तेव्हा तिनं मान वर केली. बाळाचार्य सोवळ्यातच पायरीवर उभे होते. ओंजळीत ते निळं हत्यार होतं, अजून कुंकू लावलेलं.

"हेच ना?"

तिनं ते घेतलं, नळीवर चढवलं, दाबलं. कपलिंग अलगद हातात आलं. पुसून पुन्हा सरळ बसवलं तेव्हा स्पष्ट आवाज झाला. चावी फिरवून तिनं पंप चालू केला आणि नळीखाली तळवा धरला. तळवा कोरडा राहिला.

"झालं, मामंजी."

त्यांनी मान डोलावली, पण हलले नाहीत. आतून विळीवर भोपळा चिरल्याचा आवाज येऊ लागला होता.

"विळी दरवर्षी उचलायची ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"दरवर्षी."

ते पायरीवर तसेच उभे राहिले. भूक लागलेली असूनही आत जायला त्यांना वेळ लागला.