खतासाठी पेरलेली फुलं

मी मधमाश्यांची पेटी बोलतेय. फणसाच्या लाकडाची, चार पायांवर उभी. या, अगदी जवळ या, घाबरू नका. चावायला आत आता कोणी उरलेलं नाही.

तंजावुरातल्या एका सुताराने मला केलं आणि चंद्रमतीबाई मला घरी घेऊन गेल्या. बाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि त्यांना मधमाश्यांचं वेड लागलं. राजवाड्यामागच्या गल्लीत, घराच्या गच्चीवर मला ठेवून त्यांनी सातेरी माश्यांचं एक घराणं माझ्यात सोडलं. पण गच्चीवरून दिसायचं काय, तर पाण्याच्या टाक्या नि वाळत घातलेल्या साड्या! माश्या बिचाऱ्या लांब लांब जायच्या आणि हात हलवत परत यायच्या. म्हणून बाईंनी मला पापनाशमला, आपल्या शेताच्या बांधावर आणलं.

तिथली पहिली दोन वर्षं, काय सांगू! भात निघाला की शेजारीपाजारी तीळ पेरायचे. तीळ फुलला की माझ्या चौकटी मधाने अशा जड व्हायच्या, की बाईंना एकटीला उचलवायच्या नाहीत. मला तर गर्वच चढला होता.

यंदा कोणी तीळ पेरलाच नाही. शेतं नुसती भेगाळून पडली. आतला मध संपला. बाई आठवड्यातून दोनदा बसने येऊन साखरेचं पाणी ठेवायच्या, पण नुसत्या साखरेवर पिल्लं वाढत नाहीत, त्यांना फुलांतला पराग लागतो. माश्या उपाशी पडल्या की काय करतात, ठाऊक आहे? आपलीच पिल्लं खातात. माझ्या पोटात झालंय ते.

शेवटी बाईंनी विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर धैंचा पेरला. त्याची पिवळी फुलं माश्यांना आवडतात. मला थोपटून म्हणाल्या, "एवढी फुलं लागू देत गं, मग अस्कं नीट होईल." अस्कं म्हणजे सगळं, आमच्या तंजावुरी बोलीत.

शेजारच्या शेताचे मालक रघोजी, म्हणजे बाईंच्या यजमानांचे चुलतभाऊ, बांधावरून हसले. "वैनी, माश्यांसाठी शेत पेरलात म्हणे? उद्या मुंग्यांना पंगत घालाल!"

आणि बाई लाजल्या हो! सबंध वर्ग ज्यांना चळचळा कापायचा, त्या बाई चक्क खोटं बोलल्या. "छे हो भावजी, खतासाठी पेरलंय."

खतासाठी! इकडे खतासाठी धैंचा पेरतात तो असा, की दीड महिन्याने फुलं धरली रे धरली की चिखलात गाडून टाकायचा. उशीर केला तर खोड निबर होतं, मग कुजत नाही. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मला तोंड आहे कुठे? एक बारीकशी फट आहे, तीही माश्यांच्या जाण्यायेण्याची.

फुलं आली. चार दिवस, फक्त चार दिवस, माश्या पायांना पिवळा पराग माखून परतल्या. राणीने पुन्हा अंडी घातली. मला वाटलं, वाचलो आपण.

पाचव्या दिवशी सकाळी कालव्याला पाणी आलं. रघोजींचा ट्रॅक्टर त्यांच्या शेतात चिखल करत होता, तो बांध ओलांडून सरळ आमच्याकडे वळला. तासाभरात सगळं चिखलाखाली गेलं. माश्या यायच्या, पुन्हा जायच्या, त्याच जागेवर घिरट्या घालायच्या.

बाई दहाच्या बसने आल्या. रघोजी भलतेच खुशीत होते. "वैनी, तुम्हाला फोनसुद्धा केला नाही. म्हटलं, तुम्ही एकट्या, ट्रॅक्टर शोधत कोठे फिरणार? खोड निबर व्हायच्या आत गाडलं बघा!"

ज्याने मनापासून मदत केली, त्याला बोलायचं तरी काय? बाईंनी थर्मासमधली कॉफी त्यांना ओतून दिली. "बरं केलंत भावजी," म्हणाल्या. ते गेल्यावर माझ्या झाकणावर डोकं टेकून रडल्या. "अय्यो, लाजले गं मी. लोक हसतील म्हणून लाजले."

तिसऱ्या दिवशी माश्या अंडीपिल्लं टाकून मला सोडून गेल्या. कुठेतरी सुखात असतील, असं बाई म्हणतात. मला तसं वाटत नाही, उगाच खोटं कशाला बोलू? या पंचक्रोशीत फूल कुठे होतं, म्हणून त्या जगतील? वाटेतच संपल्या असतील.

आता त्या तुकड्यात भात असा तरारलाय, की विचारू नका. रघोजी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात, "वैनींनी धैंचा गाडला, त्याची करामत!" बाई मान हलवतात आणि दुसरीकडे बघतात.

परवा माझ्याशेजारी उभ्या राहून बाई फोनवर कोणाला तरी विचारत होत्या, नवं घराणं कधी मिळेल म्हणून. ऐकून माझी फळी न् फळी हादरली. बाई, जोडायला मला हात नाहीत, पण ऐका. आधी रघोजींना खरं सांगा, चारचौघांत, तोंडावर. हसले तर हसू देत. ते तुमच्याने होणार नसेल, तर मला फोडा, चुलीत घाला, पण माझ्यात माश्या आणू नका.