मास्तरांची मूठ

मास्तरांनी मोठी कात्री फडक्यात गुंडाळली, वरून सुतळी आवळली आणि गाठ डाव्या हाताने मारली. कापडं बेतणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली मास्तर म्हणायची. ज्या टेबलावर अख्ख्या गल्लीचे खांदे मापात आले, ते टेबल न्यायला उद्या सकाळी सुतार येणार होता. टेबल गेलं की दुकानाचं शटर खाली. कायमचं.

उजवं मनगट मोडलं होतं जिन्यावर पाय घसरून. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टर खूश. पिळायला म्हणून त्यांनी एक रबरी चेंडू दिला. तो मास्तरांनी शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांच्या सोबतीला टाकून दिला. का टाकला ते कुणाला सांगितलं नाही.

सांगणार काय? प्लास्टर निघाल्यावर हौसेने त्यांनी जुनी मोटारसायकल बाहेर काढली होती. दारापुढे उतार. उताराला लागताच उजव्या मुठीने पुढचा ब्रेक आवळला, जीव खाऊन आवळला. गाडी थांबेना. पायाचा ब्रेक आठवेपर्यंत शेजारणीच्या कुंड्या आल्या, आणि त्यांनीच ती थांबवली. मास्तर उठले, धूळ झटकली, आणि मनातल्या मनात हाताचा निकाल लावून मोकळे झाले: हा गेला. ज्याच्याने ब्रेक आवळवत नाही, तो घडीवर घडी घातलेल्या कापडातून कात्री काय चालवणार?

घरी सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

दुपारी लेक आली. ती बसच्या वर्कशॉपात कामाला. नखांच्या कडा कायम काळ्या आणि हसणं लख्ख. दुकान आवरायला हात लावायचा सोडून ती आधी दारातल्या मोटारसायकलवरचं कापड ओढून तिच्यावर बसली.

"टेबल देताय तर द्या बाई, ही मात्र मी नेणार," म्हणत तिने पुढचा ब्रेक दाबला आणि तोंड वाकडं केलं. "बाबा, हा ब्रेक आहे की चहात बुडवलेलं बिस्किट?"

"म्हणजे?"

"म्हणजे दांडा पार मुठीला टेकतोय. या, बघा."

मास्तर दारातच थबकले. "तुझ्याही हाताने टेकतोय?"

"माझ्या हाताला काय धाड भरलीय?"

"नाही, म्हणजे... एखाद्याने जोर लावून आवळला तर?"

"पैलवान आणून बसवा! नळीत हवा शिरलीय. सगळा जोर ती हवा दाबण्यातच जिरतो, चाकापर्यंत पोचतो कुठे?"

मास्तर मटकन पायरीवर बसले. दुकानामागच्या घरातून त्यांची बायको धावत आली. "अहो, काय झालं? चक्कर आली का?"

"नाही गं. ते कुत्रं... नव्हतं आलं आडवं."

"ते मला ठाऊक आहे. आपल्या गल्लीत ते कुत्रं तुमच्याशिवाय कुणाला दिसलेलंच नाही."

लेक एकदा बापाकडे बघे, एकदा ब्रेककडे. मग उठली. नळी, सांधे, चाकाजवळचा ठोकळा बोटाने चाचपून पाहिला. गळती कुठे नव्हती, ब्रेकच्या पट्ट्याही जाड होत्या. बाजारात जाऊन ती नव्या ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा घेऊन आली. ते ऑइल रंग खातं, म्हणून टाकीवर दुकानातल्या चिंध्या अंथरल्या. हँडलवरची डबी उघडली, तर आतलं जुनं ऑइल काढ्यासारखं काळं.

"दोन माणसांचं काम आहे. एकाने वर दाबायचं, एकाने खाली स्क्रू सोडायचा. बाबा, बसा."

"तुझ्या आईला बसव."

"आई डबी भरेल. ती रिकामी झाली की हवा पुन्हा आत. तुम्ही बसा."

मास्तर बसले. उजवा हात त्यांनी जपून मुठीवर ठेवला. दोष ब्रेकचा होता, मान्य. पण हाताची खात्री कुणी दिली होती?

लेकीने चाकाजवळच्या ठोकळ्यावरच्या स्क्रूला पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडवलं आणि पाना हातात घेतला. "दाबा. धरा. मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

पाना फिरला. दांडा हाताखाली खचत गेला, नळीतून बुडबुड्यांची माळ निघाली. पाना उलटा फिरला, स्क्रू मिटला. "सोडा."

दाबा. धरा. सोडा. पुन्हा दाबा. मनगटात कळ आली आणि स्क्रू मिटायच्या आधीच दांडा निसटला. घोटभर हवा गपकन मागे गेली.

"सुटला," मास्तर म्हणाले. चेहरा पडला.

"सुटू दे की! जी आत गेली ती बाहेरही येईल. दाबा."

हळूहळू कामाला लय आली. लेक खालून हाक देई, मास्तर वरून हुंकार देत, आणि डबीवर डोळा ठेवून त्यांची बायको मधेच म्हणे, "थांबा जरा, घोटभर ओतते." काळ्याचं पिवळं झालं, बुडबुडे विरळ झाले. आणि एकदा दाबताना मास्तरांना हाताखाली काहीतरी घट्ट लागलं. कुणीतरी उलटून हात धरावा तसं.

"आला!" ते ओरडले.

"आला, पण बारीक बुडबुडे राहिलेत. दांडा दाबून रात्रभर बांधून ठेवू, म्हणजे उरलेले आपोआप वर चढतील. दोरी द्या."

"दोरी काचते. पट्टी देतो."

मास्तर दुकानात गेले. सुतळी सोडली, फडकं उलगडलं, जाड कापडाला घडी घातली. कात्री उजव्या हातात घेतली आणि चालवली. कर्र... कर्र... मध्ये एकदा थांबले, बोटं झटकली, पुन्हा चालवली. पट्टी एका बाजूला जराशी तिरकी गेली. बायकोने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"तिरकी आहे."

"दिसतंय मला," मास्तर म्हणाले, आणि खणातला चेंडू काढून त्यांनी खिशात टाकला.

सकाळी पट्टी सोडली. दांडा टणक. मास्तर उताराला लागले तशी शेजारीण लगबगीने कुंड्या आत ओढू लागली. त्यांनी मूठ आवळली. गाडीने पुढचं नाक नम्रपणे झुकवलं आणि पहिल्या कुंडीच्या अलीकडे उभी राहिली.

"राहू द्या हो, बाहेरच राहू द्या!" मास्तर म्हणाले.

सुतार दुकानापाशी दोर घेऊन उभा होता. "मास्तर, टेबल उचलू ना?"

"त्याचा एक पाय डुगडुगतो बघ," खिशातला चेंडू पिळत मास्तर म्हणाले. "तेवढा नीट कर, आणि चहा घेऊन जा."