सगळ्यात खालचं छिद्र

सुखीबाईच्या वाटेला जाऊ नये, हे दारव्ह्याच्या बाजारात आता शेंबडं पोरही जाणतं. मागच्या साली भर बाजारात, कांद्याच्या ढिगाजवळ, तिनं अमरचा जबडा फोडला. कांदेवाल्याच्या तराजूतलं दोन किलोचं वजन उचललं आणि हाणलं. माणूस खाली पडला तरी बाई थांबेना. तिसऱ्या घावाला चार जणांनी धरली, तर त्यातल्या एकाच्या मनगटाला कडकडून चावली. केस झाली, मग मोठ्या माणसांनी मध्ये पडून ती कशीबशी मिटवली. आणि हे सगळं कोणासाठी? नवऱ्यासाठी, फुलचंदसाठी. बाप्पा, अशी बायको देवानं सगळ्यांना द्यावी म्हणावं की कोणालाच देऊ नये म्हणावं, मला तर अजून कळलेलं नाही.

फुलचंद यवतमाळ रोडवरच्या लॉनवर गवत कापायचा. लॉन म्हणजे लग्नाचं, तीन एकर हिरवळ, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला जेवणाचा पंडाल. मालकानं कुठूनतरी एक जुनी मशीन आणली होती, मागच्या फळीवर उभं राहून चालवायची. समोर पात्यांचा लोखंडी डबा, हाताशी दांडे, आणि बाजूला एक पट्टी, तिला सात छिद्रं. दांड्यानं डबा उचलायचा, पाहिजे त्या छिद्रात खीळ घालायची, की तेवढ्या उंचीवर गवत कापलं जातं. पट्टीवर आकडे होते, पण चाकं घासून लहानमोठी झालेली. आकड्यावर भरोसा ठेवला की कुठं गवत तसंच राहायचं, कुठं माती उघडी पडायची. म्हणून फुलचंदनं स्वतःचं माप काढलं, आगपेटीचं. मशीन फरशीवर घ्यायची, डब्याखाली हात घालायचा आणि पात्याच्या टोकाशी पेटी धरून पाहायची. पावसाळ्यात उभी पेटी, लग्नसराईत आडवी पेटी. त्याच्या मापानं कापलेल्या हिरवळीवर नवरीचे बाप चपला काढून चालायचे.

पण हात आत घालायचा म्हणजे नियम आला. पिवळा खटका दाबला की पात्याला मिळणारा इंजिनाचा जोर तुटतो, पातं मात्र लगेच थांबत नाही, आपलं गरगरत राहतं. तेव्हा इंजिन बंद करायचं, किल्ली काढून खिशात घालायची, दहापर्यंत मोजायचं, मग हात. नियम फुलचंदचाच. शिकायला आलेल्याला तो आधी हे घोकायला लावायचा आणि मगच फळीवर चढू द्यायचा. अमर त्याच्याच हाताखाली शिकला. बाभुळगावचा माणूस, तिशीतला, घरी बायको आणि एक लहान पोरगी.

दीड वर्षापूर्वी एका लग्नाच्या दिवशी फुलचंदच्या उजव्या हाताची चार बोटं त्या डब्यात गेली. अंगठा तेवढा राहिला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो सुखीबाईला म्हणाला, "माहा हात आत होता, अन् अमरनं किल्ली लावून खटका ओढला."

अमर म्हणाला, मी नाही. दुसऱ्या कोणी पाहिलेलं नव्हतं. पण सुखीबाईला नवऱ्याचा शब्द पुरेसा होता, तिला साक्षीदार लागतच नव्हते. मालकानं अमरला काढलं, फुलचंदला गेटवर बसवलं आणि मशीन सुखीबाईच्या हाती दिली. पंधरा दिवसांत ती अशी चालवायला लागली की तिच्या तांड्यातल्या बायका पाहायला यायच्या. लुगड्याचा काचा मारून बाई फळीवर उभी, गळ्यात काळ्या दोऱ्यात मशीनची किल्ली. ती किल्ली तिनं आंघोळीलाही कधी काढली नाही.

दीड वर्ष तिनं नवऱ्याला भाकर कुस्करून दिली, पायजम्याची नाडी बांधून दिली. नसलेली बोटं दुखतात म्हणून तो कळवळायचा तेव्हा तो थोटा हात उराशी धरून बसायची. अन् प्रत्येक कळेला तिला अमर आठवायचा. तिचा सख्खा भाऊ हिरासिंग एकदा चहा पिता पिता म्हणाला, "बाई, अमर तं म्हनते भावजीच घाईत होते." झालं! उकळत्या चहाचं पातेलं तिनं त्याच्या अंगावर फेकलं. मांडी सोलून निघाली बिचाऱ्याची. त्यानंतर हिरासिंग दिवाळीलाही बहिणीकडं आला नाही. इकडं अमरला लोक बोटंतोड्या म्हणू लागले. कोणी ठेकेदार त्याला मशीनजवळ उभं करेना. सुखीबाई म्हणायची, अजून काहीच झालं नाही, त्याच्या तोंडून मी कबूल करवून घेईन तेव्हा माझ्या जिवाला थंड वाटेल.

फुलचंद या सगळ्यावर कधी अवाक्षर बोलला नाही. जबडा फोडल्याच्या दिवशी तो जेवला नाही, एवढंच. तिला वाटलं, दुःखानं.

तर कार्तिक संपत आला होता आणि परवा एक मोठं लग्न होतं. मशीनच्या पट्टीतलं आडव्या पेटीचं छिद्र झिजून मोठं झालेलं, खीळ सुटायची, डबा मध्येच खाली बसायचा, आणि हिरवळीवर उंदरानं कुरतडल्यासारखे चट्टे पडायचे. सुखीबाईनं तार गुंडाळून पाहिली, काही उपयोग झाला नाही. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. या मशीनची नाडी माहीत असलेला दुसरा माणूस आसपास नव्हता. त्यानं सुखीबाईला बाजाराला पाठवलं, फुलचंदला गेटवरून पाठीमागच्या टाकीवर पाणी सोडायला पाठवलं, आणि अमरला गुपचूप बोलावून घेतलं. "बाई संध्याकाळपर्यंत येत नाही, किल्लीही तिच्याच गळ्यात आहे," असं सांगून तो स्वतः डेकोरेशनवाल्याकडं यवतमाळला निघून गेला.

अमरला वाटलं, किल्लीच नाही म्हणजे भीतीच नाही. त्यानं पट्टीत नवं छिद्र पाडलं, खीळ घट्ट बसवली, मशीन फरशीवर ढकलत आणली आणि पालथा पडून उजवा हात कोपरापर्यंत डब्याखाली घातला. मुठीत आगपेटी.

आणि बाजारात भाव ऐकून डोकं फिरलेली सुखीबाई दुपारीच परत आली.

आधी तिला पाय दिसले, मग पाठ, मग वाकडा झालेला जबडा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवी तिथंच टाकून ती चोरपावलांनी फळीवर चढली.

"शेठ, आडवी पेटी ठेवतो ना?" फळी हलली तसा मालकच परतला असं समजून अमरनं मान न वळवता विचारलं.

सुखीबाईनं दांडा धरला, खीळ उपटली, आणि दांडा सगळ्यात खालच्या छिद्रापर्यंत सोडून दिला. पोत्याएवढं लोखंड अमरच्या हातावर बसलं. हात फरशी आणि डब्याच्या काठामध्ये चेचला गेला आणि अमर असा ओरडला की पंडालावरची कबुतरं उडाली.

"वळखलं का मले?"

"वहिनी! वहिनी, हात हाये माहा आत!"

"दिसते मले. माह्या नवऱ्याचाबी होता."

तिनं दोऱ्यातली किल्ली घातली आणि फिरवली. इंजिन धडधडायला लागलं, तसा डबा त्या हातावर थरथरायला लागला. पातं अजून थांबलेलं होतं. पिवळा खटका वर ओढला की फिरणार, आणि तिचं बोट त्या खटक्याखाली होतं.

"म्हन, किल्ली म्या लावली. जोरानं म्हन!"

"नाई लावली."

तिनं एक पाय डब्यावर ठेवला आणि अंगाचा सगळा भार दिला. फरशीवर लाल ओघळ आला. अमरच्या तोंडातून लाळ गळत होती, डोळे पांढरे होत होते.

"म्हनतो का नाई, मुडद्या? चारच्या चारी बोटं घेईन! अंगठाबी नाई ठेवनार!"

"घ्या," अमर म्हणाला. त्याचा जबडा नीट उघडत नव्हता, शब्द दातांमधून फुटत होते. "एक डाव जबडा घेतला तुमी. सहा हप्ते तारानं तोंड शिवलं होतं माहं. माही पोरगी मले पाहून पयाली, वहिनी, बापाजवळ येत नवती. आता हात घ्या. पन जे म्या केलं नाई ते म्हननार नाई. बाजारात म्हनलं नाई, इथंबी म्हनत नाई."

दुसरी कोणी असती तर इथं थबकली असती. सुखीबाईच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. मरायला टेकला तरी हा माणूस तिच्या नवऱ्याला खोटं पाडत होता. तिनं खटका दोन बोटांत पक्का धरला.

तेवढ्यात टाकीकडून फुलचंद पळत आला, इंजिनाचा आवाज ऐकून. धाप लागलेली, पायजमा भिजलेला.

"सुखी! बंद कर ते!"

"तुमी मंधात नका येऊ. तुमच्याच बोटाइचं चाललं हाये."

"सोड त्याले म्हनतो ना! जेल होईन तुले!"

"होऊ द्या. फाशी होऊ द्या. आधी ह्यानं म्हनलं पाह्यजे."

"जाऊ दे ना वं, जे झालं ते झालं..."

"काहून जाऊ द्यू?" ती किंचाळली. "दीड वर्स मी तुमचं रडनं आयकलं! ह्यानं एकदा म्हनावं, बस, एकदा!"

तिनं अमरकडं पाहिलं. त्यानं डोळे मिटले होते, गाल फरशीला टेकवला होता. विनवणीही करत नव्हता. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. फुलचंदची नजर जमिनीवर होती आणि तो थोटा हात दुसऱ्या हातानं झाकून उभा होता. सुखीबाईनं खटका ओढायला बोटं वळवली.

"त्यानं नाई लावली!"

"काय?"

"किल्ली. कोनीच नाई लावली. ते चालूच होतं. मीच बंद नवतं केलं." फुलचंद भडाभडा बोलायला लागला, ओकारी यावी तसं. "वरात फाट्यावर आलती. शेठ बोंबलून राह्यला होता. स्टेजम्होरचं गवत उंच राह्यलं होतं. खटका दाबला अन् तसाच हात घातला म्या. मोजलं नाई."

सुखीबाईनं किल्ली उलटी फिरवली. इंजिन बंद पडलं. आता अमरचा श्वास ऐकू येत होता.

"अमर कुठं होता?"

"पंडालात. खुर्च्या लावून राह्यला होता. माही बोंब आयकून तोच पयत आला. त्यानंच दुपट्टा बांधला हाताले. जीपीत त्याच्याच मांडीवर डोकं होतं माहं."

"मंग मले तसं कायले सांगतलं?"

"सगळ्याइले म्याच शिकवलं ना, सुखी! पंचक्रोशीत मशीनवाला म्हनून एकच नाव घेत होते लोकं. मीच बिनमोजता हात घातला, हे कोन्या तोंडानं सांगू? मले वाटलं, चार दिवस लोकं बोलतीन अन् इसरतीन. तू त्याले मारशीन हे काय मले माहीत होतं?"

"मारलं तवा तं सांगाचं होतं!"

फुलचंद दोन पावलं मागं सरकला.

सुखीबाईनं दोन्ही हातांनी दांडा वर ओढला आणि खीळ सगळ्यात वरच्या छिद्रात घातली. दोन किलोचं ते वजन जबड्यावर बसताना झालेला आवाज तिला आठवला, आणि हिरासिंगची सोललेली मांडी.

अमरनं हात बाहेर काढला. कोपराखाली तो सुजून घट्ट झाला होता, कातडं लोंबत होतं, बोटं पाचही जागेवर होती. तो गुडघ्यावर बसला, मग उभा राहिला. शेजारी त्याच्या हत्यारांची पिशवी होती. त्यातून त्यानं डाव्या हातानं मोठा पाना काढला.

सुखीबाईला वाटलं, तो आपल्यावर येतो आहे. ती सरकली नाही. यावं, असंच तिला वाटत होतं, अगदी मनापासून. पण अमर तिच्याकडं न पाहता पुढं गेला.

पहिला घाव फुलचंदच्या खांद्यावर बसला. तो मटकन खाली बसला आणि थोटा हात डोक्यावर धरला. दुसरा त्या हातावरच बसला.

"सुखी!" फुलचंद ओरडला. "सुखी, धर वं त्याले!"

या हाकेला ती दीड वर्ष धावत आली होती, जेवणावरून उठून, झोपेतून उठून, भर बाजारातून. या हाकेपायी तिनं एका निर्दोष माणसाचं तोंड वाकडं केलं होतं आणि पाठचा भाऊ गमावला होता. नवऱ्याचं रक्त फरशीवर पडत होतं, आणि जीव होता तिचा त्याच्यावर, अजूनही होता.

अमरनं तिसऱ्यांदा पाना उचलला. फुलचंदनं पुन्हा हाक मारली. सुखीबाईनं ती नीट ऐकली आणि ती फळीवरून खाली उतरली नाही.